पुतळा कोणी घडवला, ते आधी सांगा

मुलुंडला आमच्या घरामागे एक बाग आहे. मोठी नाही, जॉगिंग ट्रॅकची एक फेरी चार मिनिटांत होते. आत सगळं नेहमीचं आहे: पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, रंग उडालेला फायबरचा जिराफ. गेटपाशी लाल बदाम लावलेली मोठी इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा असतो. आणि मधोमध, चौथऱ्यावर, एका स्वातंत्र्यसैनिकाचा अर्धपुतळा.

पंधरा वर्षं मी त्या पुतळ्याला वळसा घालून धावतोय. एकदा बुटाची नाडी बांधायला थांबलो आणि खालची संगमरवरी पाटी वाचली. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, 'यांच्या निधीतून', 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. मोजली, अकरा नावं होती. पुतळा घडवणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. ज्याचा पुतळा, त्याने नेमकं काय केलं याबद्दलही एक ओळ नव्हती.

माळीकाका पाणी घालत होते. त्यांना विचारलं, "काका, हा कोणी केलाय?"

"नगरसेवकांनी."

"तसं नाही. घडवलाय कोणी?"

काकांनी पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. "ते काय माहीत. टेम्पोतून आला."

हा लेख त्या उत्तरावर आहे. आपल्या शहरात पुतळे टेम्पोतून येतात आणि टेम्पोतूनच जातात. मधल्या काळात आपण त्यांना हार घालतो, त्यांच्यापायी मारामाऱ्या करतो, किंवा त्यांच्यासमोर सेल्फी काढतो. बघत मात्र नाही. माझं म्हणणं असं की हे न बघणं निरागस नाही. त्याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आहे, आणि तीही आमच्या उपनगरात, आमच्या हायवेवर.

पण सुरुवात भायखळ्यापासून करायला हवी.

हाकललेल्यांची हिरवळ

गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची भाची ओवी पेंग्विन बघायला आली. मुलुंडहून भायखळा, मग स्टेशनपासून चालत राणीबाग. पेंग्विन पाच मिनिटांत बघून झाले. उन्हाचा ताव वाढला म्हणून आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळलो. संग्रहालयाशेजारी एक छोटीशी हिरवळ आहे. खरं सांगायचं तर तीच मला मुंबईतली सगळ्यात महत्त्वाची बाग वाटते, आणि तिथेच सगळ्यात कमी लोक थांबतात.

ओवी एका प्रचंड घोडेस्वारासमोर उभी राहिली. म्हणाली, "मामा, हा काळा घोडा आहे ना? पण काळा घोडा तर तिकडे आहे, फेस्टिव्हलला आपण गेलेलो तिथे. त्याच्यावर तर कोणीच बसलेलं नव्हतं."

पोरीने एका वाक्यात दीडशे वर्षांचा घोळ माझ्यापुढे ठेवला.

तर गोष्ट अशी. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईला आला. त्या भेटीची आठवण म्हणून बगदादी ज्यू घराण्यातले व्यापारी अल्बर्ट अब्दुल्ला सासून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. घडवला जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराने. १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला. ब्राँझ काळवंडलेलं, म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं काळा घोडा. यातली गंमत बघा: लोकांनी राजाला नाव दिलं नाही, घोड्याला दिलं. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून राणीबागेत आणला. चौकातून राजा गेला आणि घोडाही गेला, नाव मात्र राहिलं. १९९९ पासून त्या नावाने फेस्टिव्हल भरतो. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, शिल्पकार श्रीहरी भोसले, आराखडा वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांचा. या घोड्यावर स्वार नाही.

म्हणजे ओवी म्हणाली ते बरोबर होतं. काळे घोडे दोन आहेत, एक रिकामा आणि एक हाकललेला.

या हिरवळीवर असे हाकललेले बरेच आहेत. कॉर्नवालिस आहे, वेलस्ली आहे, व्हिक्टोरिया राणी आहे. एकेकाळी हे सगळे फोर्टातल्या मोक्याच्या जागा अडवून उभे होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते एकेक करून उतरवले गेले. आणि त्यांच्याही आधी इथे आला होता घारापुरीचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं कोसळलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना तो आणखी फुटला, आणि तुकडे राणीबागेत आले. १९१४ च्या सुमारास ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला.

जे इथे येणार होतं ते आलंच नाही, ती गोष्ट वेगळीच. राणीबाग १८६२ मध्ये खुली झाली. तिच्यासाठी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने एक कारंजं करवून घेतलं होतं. ते इथे न बसवता फोर्टात बसवलं गेलं. त्याला आपण फ्लोरा फाउंटन म्हणतो. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्याच चौकात गोळीबार झाला आणि चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. बागेतल्या फुलांसाठी केलेली रोमन देवी आज शेतकरी-कामगाराच्या मशालीशेजारी उभी आहे.

सांगायचा मुद्दा एवढाच: सार्वजनिक शिल्प कधीच 'फक्त शोभेचं' नसतं. ते कुठे उभं राहतं, कोण त्याला उचलतं, कुठे नेऊन टाकतं, यात शहराचं सगळं राजकारण लिहिलेलं असतं. ते वाचायला कोणी शिकवत नाही, म्हणून आपल्याला तो दगड वाटतो.

फूल की चप्पल

दगडाशी वागायच्या आपल्याकडे दोनच पद्धती आहेत. पहिली पूजेची.

कॉर्नवालिसचा पुतळा पूर्वी आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी होता. इंग्रजांनी मोठ्या अभिमानाने बसवला. झालं काय, की लोक येता-जाता त्याला फुलं वाहू लागले, नमस्कार करू लागले. हा देव नाही असा जाहीरनामा देशी भाषेत काढायची पाळी सरकारवर आली. टिपू सुलतानाला हरवणारा, बंगालात जमीनदारी पक्की करणारा गव्हर्नर जनरल आमच्या पूर्वजांनी देव्हाऱ्यात बसवला. हसू येतं. पण आज एखाद्या पुतळ्याखाली अगरबत्ती लावून, चौथऱ्यावर बूट काढून उभे राहणारे आपण फार पुढे आलोय असं मला वाटत नाही.

दुसरी पद्धत चपलेची. आणि इथे मला त्या हिरवळीवरच्या व्हिक्टोरियाबद्दल बोलायचंय.

तो पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने केला. पैसे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे. १८७२ मध्ये फोर्टात उभा राहिला. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री कोणीतरी राणीच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात चपलांची माळ घातली. कोण, ते पुढे कळलं. चिंचवडच्या कीर्तनकाराचा मुलगा, दामोदर हरी चापेकर. त्याने आपल्या कबुलीत ते लिहून ठेवलं. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, १८ एप्रिल १८९८ ला दामोदर फाशी गेला. रँडची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. डांबराची गोष्ट कोणी सांगत नाही.

डांबर निघेना. संगमरवर सच्छिद्र असतो, डाग आत मुरतो. शेवटी ते काढलं रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. एका हिंदी माणसाने काळं केलं आणि दुसऱ्या हिंदी माणसाने ते पुसलं. दोघेही आपलेच. वसाहतीचा इतिहास इतका गुंतागुंतीचा असतो, आणि तो सगळा त्या एका पुतळ्यात आहे. शिवाय दामोदर चापेकरला सुधारक लोकांचाही तितकाच राग होता, हे त्याच्यावरच्या चित्रपटांत दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त खरं आहे. हेसुद्धा सांगायला हवं. नाहीतर राणीऐवजी चापेकर देव्हाऱ्यात बसतो आणि आपण पुन्हा पहिल्या पद्धतीवर येतो.

आता शंभर वर्षं पुढे या. आणि भायखळ्याहून ट्रेन पकडून घाटकोपरला.

११ जुलै १९९७. पूर्व द्रुतगती मार्गालगतचं माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी वस्तीतल्या लोकांना दिसलं की बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ आहे. लोक रस्त्यावर आले, हायवे अडवला. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आमच्या मुलुंडमध्ये, आपल्या झोपडीत जीव दिला. आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी तिथूनच सुरू होते. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला.

मी तेव्हा फार लहान होतो. मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी वडील ठाण्याच्या बाजूने उलटे फिरून रात्री उशिरा घरी आले आणि आईने दार लावून घेतलं. आमच्या घरात त्या विषयावर पुढे कधी कोणी बोललं नाही. रमाबाई नगर आमच्यापासून काही स्टेशनांवर आहे. चापेकरांचा वाडा शंभराहून जास्त किलोमीटरवर. वाडा मला शाळेच्या सहलीत दाखवला. रमाबाई नगर कोणी दाखवलं नाही. ही चूक कुणा एकाची नाही, आम्हा सगळ्या 'चांगल्या घरांची' आहे.

चपलांची माळ १८९६ मध्ये घातली आणि १९९७ मध्येही घातली. कृती तीच, वस्तू तीच, शहर तेच. पण अर्थ पूर्ण उलटा. पहिली माळ खालून वर गेली: ज्याच्या हातात काही नाही त्याने साम्राज्याच्या गळ्यात घातली. दुसरी वरून खाली आली: ज्यांनी आयुष्यभर अपमान सोसून एकच मान कमावला, त्यांच्या त्या मानावर घातली. पहिलीनंतर सरकारने पुतळा धुऊन घेतला. दुसरीनंतर सरकारने माणसं मारली. ज्याला या दोन माळांतला फरक कळत नाही, त्याला पुतळा म्हणजे काय हेच कळलेलं नाही. 'पुतळ्यासाठी एवढं काय चिडायचं' असं तेव्हा अनेक ड्रॉइंग रूममधून विचारलं गेलं. त्याचं उत्तर हे आहे: सगळे पुतळे सारखे नसतात. काही पुतळे सत्ता दाखवायला बसवतात. काही पुतळे वस्ती स्वतः वर्गणी काढून बसवते, कारण बाकी कुठल्या दारावर तिचं नाव नसतं.

रिकामा घोडा

माझ्याशी वाद घालणारे तीन प्रकारचे मित्र आहेत. तिघांनाही उत्तर द्यायचंय.

पहिला म्हणतो, भायखळ्याची ती सगळी गुलामीची चिन्हं वितळवून टाका. मित्रा, वितळवली तर चापेकरने डांबर कशाला फासलं ते दाखवणार कुठे? राणीचा पुतळा नसेल तर त्याचं धाडसही हवेत उरतं. जून २०२० मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या लोकांनी गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा ओढून बंदरात फेकला. नंतर तो पाण्याबाहेर काढला, आणि तिथल्या एम शेड संग्रहालयात ठेवला. उभा नाही, आडवा. अंगावरचा रंग तसाच. आता तो पुतळा कोल्स्टनचं स्मारक नाही, त्या दिवसाचं आहे. याला म्हणतात इतिहास सांभाळणं. व्हिक्टोरियाच्या गालावरचं डांबर आपण जपू शकलो नाही. त्याची गोष्ट तरी जपू.

दुसरा मित्र हेरिटेज वॉकवाला. त्याला जुनी मुंबई फार आवडते: व्हिक्टोरिया गाड्या, कास्ट आयर्नचे खांब, सेपिया फिल्टर. राजाला परत फोर्टात नेऊन बसवा, पर्यटन वाढेल, असं तो म्हणतो. याला मी एवढंच विचारतो की तुझे पणजोबा तेव्हा कुठल्या चाळीत राहत होते? त्या सेपियात आपण कुठे उभे होतो? संग्रहालयाशेजारची हिरवळ हीच त्या राजाची योग्य जागा आहे. जमिनीच्या जवळ, झाडाखाली, जिथे नऊ वर्षांची मुलगी त्याच्या घोड्याच्या खुराशी उभी राहून त्याला जाब विचारू शकते.

तिसरा मित्र सगळ्यात समंजस, म्हणून सगळ्यात धोकादायक. तो म्हणतो, वाद नकोत. राजा काढा, घोडा ठेवा. सगळे खूश.

रिकाम्या घोड्यावर माझा हाच आक्षेप आहे. घोडा वाईट नाही, त्याचं शिल्पकाम चांगलंच आहे, आणि त्याच्या शिल्पकाराचं नाव निदान माहीत तरी आहे. पण कल्पना मला भित्री वाटते. नाव हवं, फोटो हवा, जुन्या काळाचा थोडा वास हवा, फक्त प्रश्न नको. तिथे फोटो काढणाऱ्या दहा जणांना विचारा, स्वार कुठे गेला? किती जण 'भायखळ्याला' म्हणतात ते मोजा. स्वार पुसला की त्याला कोणी बसवलं, कोणी उतरवलं, का उतरवलं, हे तिन्ही प्रश्न पुसले जातात. उरतो एक देखणा प्राणी. आमच्या बागेतल्या फायबरच्या जिराफाचा श्रीमंत भाऊ.

कोसळल्यावर आठवतो तो शिल्पकार

आता पुन्हा माळीकाकांच्या उत्तराकडे.

महाराष्ट्राने एका शिल्पकाराचं नाव मोठ्याने कधी विचारलं? २६ ऑगस्ट २०२४ ला. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा त्या दिवशी कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेही झाले नव्हते. मग सगळे विचारू लागले: कोणी केला? त्याला अनुभव किती? काम कोणी दिलं? आत लोखंड कसलं वापरलं? एकूण एक प्रश्न रास्त. फक्त ते अनावरणाच्या दिवशी विचारायचे असतात. त्या दिवशी आपण पाहुण्यांची नावं मोजत होतो.

याउलट एक पुतळा सांगतो. १९२८ मध्ये पुण्यात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे. ओतकाम मुंबईत माझगाव डॉकमध्ये. तो पुतळा आजही उभा आहे. गिरगाव चौपाटीवरचे लोकमान्य टिळक आपण गणपती विसर्जनाच्या प्रत्येक फोटोत बघतो. ते घडवले रघुनाथ कृष्ण फडके यांनी, ते वसईचे. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १८९६ मध्ये, 'मंदिरपथगामिनी' केली. म्हणजे ज्या वर्षी एका मराठी तरुणाने राणीच्या तोंडाला काळं फासलं, त्याच वर्षी त्याच शहरात दुसरा मराठी तरुण प्लास्टरमध्ये नऊवारीतली बाई घडवत होता. तीन नावं घेतली. माझ्या पिढीतल्या किती जणांना यातलं एकही माहीत आहे? आपण क्रिकेटपटूची सरासरी सांगतो, गाण्याचा संगीतकार सांगतो, वडापावच्या गाडीचा मालक सांगतो. ज्या पुतळ्यावरून दंगल होऊ शकते, तो कोणी घडवला ते सांगत नाही.

नाव का महत्त्वाचं? नावासोबत जबाबदारी येते. ज्याचं नाव खाली कोरलंय, तो नाक चुकवत नाही आणि आतलं लोखंड चोरत नाही. नाव असलं की पुतळा देव राहत नाही, माणसाने केलेली वस्तू होतो. माणसाने केलेली वस्तू बघता येते, तिच्यावर मत देता येतं, ती आवडली नाही असं सांगता येतं. 'टेम्पोतून आलेली' वस्तू स्वयंभू असते. तिच्यापुढे एकतर वाकायचं, नाहीतर तिला दगड मारायचा.

कोणी म्हणेल, पुतळ्यांवर पैसेच कशाला, हॉस्पिटल बांधा. शेकडो फुटी पुतळ्यांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. उंची मोजून आदर मोजणाऱ्यांना शिल्प नको असतं, टॉवर हवा असतो. पण आमच्या बागेतला जिराफ, बदामाची अक्षरं, रंगीत दिव्यांचं कारंजं, हेही फुकट आलेलं नाही. पैसे जातच आहेत. ते फायबरवर जाताहेत. फ्रान्समध्ये १९५१ पासून सरकारी शाळा बांधताना खर्चाचा एक टक्का नव्या कलाकृतीसाठी ठेवायचा नियम आहे. उपनगरातल्या एका बागेच्या नूतनीकरणाचा एक टक्का बाजूला काढला, तरी जे. जे.मधून बाहेर पडलेल्या एखाद्या पोराला दगड आणि सहा महिने मिळतील. नुकतीच शिकून निघालेली ही पोरं आज गणपतीच्या साच्यांवर आणि मालिकांच्या सेटवर राबतात. कला दक्षिण मुंबईत असते आणि उपनगरात ओपन जिम असतं, हे कोणी ठरवलं? ओवीला खरं शिल्प बघायला भायखळ्यापर्यंत का जावं लागलं?

मला काय हवंय

फार नाही. तीन गोष्टी.

पहिली. सार्वजनिक बागेत, चौकात, उड्डाणपुलाखाली जो पुतळा किंवा शिल्प आहे, त्याखाली शिल्पकाराचं नाव, साल आणि माध्यम लिहा. उद्घाटकाच्या वर. माहीत नसेल तर शोधा. कंत्राटाचे कागद कुठल्यातरी कपाटात असतातच.

दुसरी. पुतळ्याची पूर्ण गोष्ट लिहा. कोणी बसवला, कोणाच्या पैशातून, कोणी विरोध केला, कधी हलवला, कधी कोणी त्याला काय केलं. मराठीत, लहान मुलाला वाचता येईल इतक्या उंचीवर. शाळेची सहल पेंग्विन बघून परतते, ती आणखी वीस मिनिटं त्या हिरवळीवर थांबवा. राणीपुढे उभं राहून डांबराची गोष्ट सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात निकडीची. रमाबाई नगरचा पुनर्विकास आता सुरू झाला आहे. झोपड्या जातील, टॉवर येतील, चांगलंच आहे, माणसांना पक्की घरं मिळायला हवीत. पण टॉवरच्या नकाशात एक चौकोन असतो, 'गार्डन' लिहिलेला, हिरव्या रंगाचा. त्या चौकोनात काय असणार? दरवर्षी ११ जुलैला लोक जिथे मेलेल्यांना वंदन करायला जमतात, ती जागा नव्या नकाशात कुठे आहे, किती मोठी आहे, रस्त्यावरून दिसते का, आणि तिथे काय घडलं ते कोण लिहिणार? हे आत्ता विचारायला हवं, टॉवरचं ओसी आल्यावर नाही. कारण मला भीती वाटते ती मोडतोडीची नाही. मला भीती वाटते रिकाम्या घोड्याची. छान लँडस्केपिंग, मऊ लॉन, पिवळे दिवे, एक चकचकीत नवा पुतळा आणि अकरा पाहुण्यांची पाटी. गोळीबाराचा उल्लेख नाही, कारण वाद नकोत. तिथली पुढची पिढी पुतळ्याला वळसा घालून धावेल, आणि कोणी विचारलं तर सांगेल, माहीत नाही, आधीपासून आहे.

त्या दिवशी परतताना ट्रेनमध्ये ओवीने विचारलं, "मग आपण काळा घोडा कुठल्याला म्हणायचं?" मी म्हटलं, दोन्हींना. तिला ते पटलं नाही. तिच्या मते ज्याच्यावर माणूस आहे तोच खरा, कारण त्याच्याशी भांडता येतं. मला यापुढे काही सुचलं नाही, घाटकोपर येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

मी आमच्या बागेच्या पुतळ्याबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. शिल्पकाराचं नाव, साल, माध्यम, खर्च, एवढंच मागितलंय. तुम्हीही तुमच्या बागेत जा, अंधेरी असो, बोरिवली असो, पाटी वाचा, नावं मोजा. घडवणाऱ्याचं नाव नसेल तर अर्ज करा, दहा रुपये लागतात. आणि एखाद्या रविवारी भायखळ्याच्या त्या हिरवळीवर जाऊन बसा. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.